ससाण्यांची कैवारी : रोझली एज

अमेरिकेच्या पूर्व भागात पेनसिल्व्हेनिया नावाचे एक राज्य आहे. त्या राज्यातून किटाटिनी नावाची एक लांबलचक डोंगररांग ईशान्येकडून नैऋत्येकडे गेलेली आहे. रांग फारशी उंच नाही. आपल्या सह्याद्रीपुढे ती ठेंगणीच म्हणावी लागेल. परंतु शरद ऋतू लागला आणि उत्तरेकडच्या थंडीची चाहूल आली, की या रांगेवरून हजारो शिकारी पक्षी दक्षिणेकडे जाऊ लागतात. ससाणे, बाज, गरुड, मासे पकडणाऱ्या घारी, असे नाना जातींचे पक्षी त्यांत असतात. त्यांनी हाच मार्ग का धरावा, याचे कारण वाऱ्यात आहे. त्या दिवसांत वायव्येकडून येणारा वारा डोंगराच्या उतारावर आदळतो आणि पुढे वाट न मिळाल्यामुळे वर चढतो. सिंहगडाच्या कड्यावर उभे राहून ज्यांनी घारी पाहिल्या असतील, त्यांना हे समजावून सांगावयास नको. पंखांची फडफड न करता घार जशी तेथे वाऱ्यावर तरंगते, तसेच हे पक्षी चढत्या वाऱ्याचा आधार घेऊन मैलच्या मैल विनासायास कापतात. दूरच्या प्रवाशाला शक्ती राखूनच चालावे लागते.

या रांगेवर एके ठिकाणी मोठमोठ्या शिळांचा एक माथा आहे. तेथे पक्षी इतके जवळून जातात, की काही वेळा ते पाहणाऱ्याच्या नजरेच्याही खालून उडत असतात. सुमारे ९० वर्षांपूर्वी या माथ्यावर दर शरदात माणसांची गर्दी होत असे. पण ती पक्षी पाहण्यासाठी नव्हे. खांद्यावर बंदुका आणि खिशांत काडतुसे घेऊन माणसे तेथे येत आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत उडत्या पक्ष्यांवर गोळ्या झाडीत. एकेका दिवसात शेकडो पक्षी पडत. जे मरत ते दगडांत कुजत पडत आणि जे जखमी होत ते झाडीत तडफडत राहत. त्यांचे मांस कोणी खात नसे, त्यांची पिसे कोणी विकत नसे.

ही माणसे क्रूर होती असे सरसकट म्हणता येणार नाही. ससाणा कोंबड्या पळवितो, शिकारीचे पक्षी मारतो, म्हणून तो मनुष्याचा वैरी, अशी त्या काळी सर्वत्र समजूत होती. आणि पुष्कळ जाणकारही शिकारी पक्ष्यांची उपकारक आणि उपद्रवी अशी वाटणी करून दुसऱ्या गटाला सुळी देण्यास तयार असत. १९२९ साली तर पेनसिल्व्हेनियाच्या सरकारी शिकारखात्याने गॉसहॉक नावाच्या मोठ्या बाजाला मारणाऱ्यास ५ डॉलर बक्षीस लावले. आसपासचा मुलूख दगडी कोळशाच्या खाणींचा आणि दिवस मंदीचे. ५ डॉलर ही रक्कम खाणकामगाराच्या दृष्टीने लहान नव्हती. उडणारा पक्षी बक्षिसाचा आहे की बिनबक्षिसाचा, हे ओळखण्याच्या भानगडीत कोण पडतो? जो दिसे त्यावर बार काढला जाई.

हे सारे थांबले ते एका स्त्रीमुळे. तिचे नाव रोझली एज. डोंगर, बंदुका आणि कोळशाच्या खाणी यांच्याशी तिचा पूर्वी कधी संबंध आला नव्हता.

रोझलीबाईंचा जन्म ३ नोव्हेंबर १८७७ रोजी न्यूयॉर्क शहरात एका संपन्न घराण्यात झाला. त्यांचे माहेरचे आडनाव बॅरो. इंग्रजी कादंबरीकार चार्ल्स डिकन्स हे त्यांच्या वडिलांच्या जवळच्या नात्यातले होते. अशा घरातील मुलींचे आयुष्य त्या काळी ठरलेल्या चाकोरीतून जात असे, आणि रोझलीबाईंचेही तीसएक वर्षे तसेच गेले. १९०९ साली जपानमधील योकोहामा बंदरात चार्ल्स नोएल एज या इंग्रज स्थापत्यविशारदाशी त्यांचा विवाह झाला आणि पतीच्या कामानिमित्त त्यांनी काही वर्षे आशिया खंडात प्रवास केला. पुढे न्यूयॉर्कला परतल्यावर त्यांना एक मुलगा आणि एक मुलगी झाली.

स्त्रियांना मताचा अधिकार मिळावा म्हणून त्या वेळी इंग्लंडात आणि अमेरिकेत मोठी चळवळ चालू होती. इंग्लंडमधील या चळवळीतील एका कर्तबगार बाईंची आणि रोझलीबाईंची एका समुद्रप्रवासात गाठ पडली. त्या भेटीचा परिणाम म्हणून १९१५ च्या सुमारास रोझलीबाई स्वतः चळवळीत उतरल्या. भाषणे करणे, पत्रके लिहिणे, ती घरोघर पोहोचविणे, सभेत उभे राहून नको ते प्रश्न विचारणे, हिशेब चोख ठेवणे या सर्व गोष्टी त्या येथे शिकल्या. १९१७ साली न्यूयॉर्क राज्यातील स्त्रियांना मताधिकार मिळाला आणि १९२० साली तो साऱ्या देशातील स्त्रियांना मिळाला. हे शिक्षण पुढे कोणत्या कामी येणार आहे, याची तेव्हा त्यांना कल्पना नव्हती.

१९२१ साली पतिपत्नींची ताटातूट झाली. घटस्फोट झाला नाही. परंतु संसार मोडला तो मोडलाच. त्या दुःखाच्या दिवसांत रोझलीबाई न्यूयॉर्कच्या मध्यभागी असलेल्या सेंट्रल पार्क या विस्तीर्ण उद्यानात जाऊन बसू लागल्या आणि तेथे त्यांना पक्षी दिसू लागले. पक्षी तेथे पूर्वीही होते, पाहणारीला आता ते दिसले इतकेच. हळूहळू त्यांना पक्ष्यांचे वेडच लागले. पहाटे उठून दुर्बीण घेऊन जावे, नव्या पक्ष्याची वहीत नोंद करावी, जाणकारांना प्रश्न विचारून त्यांना भंडावून सोडावे, असा त्यांचा क्रम सुरू झाला. चाळिशी उलटल्यावर माणूस नवे काही शिकत नाही असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

१९२९ सालच्या उन्हाळ्यात रोझलीबाई मुलांसह पॅरिसमध्ये असताना टपालाने त्यांच्या हाती एक पुस्तिका आली. न्यूयॉर्कच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयातील विलर्ड व्हॅन नेम हे प्राणिशास्त्रज्ञ तिच्या लेखकांपैकी एक होते. अमेरिकेतील कित्येक पक्षी नष्ट होण्याच्या वाटेवर आहेत आणि ज्या संस्थांनी त्यांचे रक्षण करावयाचे त्या स्वस्थ बसल्या आहेत, असा तिचा आशय होता. पक्षिरक्षणाचे काम करणारी सर्वांत मोठी संस्था म्हणजे ऑड्युबन संघ. आणि रोझलीबाई तर त्या संघाच्या आजीव सभासद! त्या ऑक्टोबरात संघाच्या वार्षिक सभेला त्या गेल्या आणि उभे राहून त्यांनी सरळ विचारले, की पुस्तिकेतील आरोपांना संघाचे उत्तर काय? संघाच्या चालकांना असल्या प्रश्नांची सवय नव्हती. त्यांनी उत्तर टाळले. रोझलीबाईंनी प्रश्न सोडला नाही.

त्याच वर्षी व्हॅन नेम आणि अर्व्हिंग ब्रँट नावाचे एक पत्रकार यांच्या साहाय्याने त्यांनी तातडीची निसर्गरक्षण समिती स्थापन केली. समिती म्हणजे ही दोन-तीन माणसे आणि मुख्यतः रोझलीबाईच. व्हॅन नेम यांना संग्रहालयाच्या अधिकाऱ्यांनी परवानगीवाचून काही छापण्यास मनाई केल्यामुळे पत्रके रोझलीबाईंच्या नावाने निघू लागली. समितीच्या आरंभीच्या पत्रकांपैकी एक पांढऱ्या डोक्याच्या गरुडासंबंधी होते. हा गरुड अमेरिकेच्या राजमुद्रेवर विराजमान झालेला; पण अलास्कात मात्र त्याला मारणाऱ्यास सरकारातून बक्षीस मिळे! ते बक्षीस बंद होण्यास १९५३ साल उजाडावे लागले.

आपले म्हणणे संघाच्या सर्व सभासदांपुढे मांडावे म्हणून रोझलीबाईंनी त्यांची नावे व पत्ते मागितले. संघाने नकार देताच त्या १९३१ साली न्यायालयात गेल्या. संघाच्या वकिलाने भर न्यायालयात त्यांना भांडकुदळ बाई म्हटले. त्या रागावल्या नाहीत. त्यांना त्याची गंमतच वाटली. निकाल त्यांच्या बाजूने लागला. याच सुमारास असेही उघडकीस आले, की लुइझिआनामधील संघाच्या अभयारण्यात मस्करॅट नावाचे केसाळ पाणप्राणी सापळे लावून पकडू दिले जात आणि त्यांच्या कातड्यांच्या विक्रीतून संघाला पैसा मिळे. यावर मोठा गदारोळ झाला, पुष्कळ सभासदांनी संघ सोडला आणि १९३४ साली संघाच्या अध्यक्षांना पायउतार व्हावे लागले. रोझलीबाईंचा स्वभाव तिखट होता, त्यांच्या लेखणीलाही धार होती आणि काही सज्जन माणसे त्यांच्यामुळे दुखावली गेली, हे खरे आहे. पण गोड बोलून ही कुलुपे उघडली असती असे वाटत नाही.

आता आपण पुन्हा त्या डोंगराकडे वळू. १९३२ च्या शरदात रिचर्ड पॉघ नावाचा एक तरुण पक्षिप्रेमी किटाटिनीच्या त्या माथ्यावर गेला. बंदुकवाले निघून गेल्यावर त्याने आणि त्याच्या सोबत्याने झाडीत पडलेले मेलेले ससाणे गोळा केले, जमिनीवर ओळींनी मांडले आणि त्यांची छायाचित्रे काढली. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमधील एका सभेत ती छायाचित्रे दाखविण्यात आली. सभेत हळहळ व्यक्त झाली. तो डोंगर विकत घेण्याची भाषा निघाली; मोठ्या संस्थेने ते काम अंगावर घेतले आहे असेही सर्वांना वाटले. महिने लोटले. पुढचा शरद आला आणि बंदुका पुन्हा वाजल्या. रोझलीबाईंनी चौकशी केली, तेव्हा काहीच हालचाल झालेली नाही असे त्यांना आढळले.

मग १९३४ च्या उन्हाळ्यात त्या स्वतःच पेनसिल्व्हेनियात गेल्या. डोंगर पाहिला, मालक शोधून काढले. जमीन सुमारे १,४०० एकर होती आणि एकरी अडीच डॉलर दराने ती विकत मिळण्यासारखी होती. तेवढा पैसा त्यांच्यापाशी नव्हता. म्हणून त्यांनी व्हॅन नेम यांच्याकडून ५०० डॉलर उसने घेतले आणि एक वर्षाचा भाडेपट्टा करून पुढे जमीन विकत घेण्याचा हक्क राखून ठेवला. सभा, ठराव आणि उपसमित्या यांत जे दोन वर्षे घडले नव्हते, ते असे एका प्रवासात घडले. त्या वेळी त्यांचे वय ५६ वर्षांचे होते. शिकारी पक्ष्यांसाठी राखलेले जगातील पहिले अभयारण्य ते हेच. ‘हॉक माउंटन’, म्हणजे ससाण्यांचा डोंगर, या नावाने ते आज प्रसिद्ध आहे.

परंतु कागदावर सही केल्याने बंदुका थांबत नाहीत. कोणीतरी तेथे जाऊन उभे राहिले पाहिजे. हे काम मॉरिस ब्राऊन या २८ वर्षांच्या पक्षी-अभ्यासकाने पत्करले. त्याचे नुकतेच लग्न झाले होते. त्याने पगार घेतला नाही. सप्टेंबरात तो आणि त्याची पत्नी अर्मा डोंगरावर आली आणि त्यांनी शिकारीला बंदी असल्याच्या पाट्या वाटेवर ठोकल्या. अर्मा रस्त्यावर उभी राही आणि मॉरिस माथ्याकडची राखण करी. वर्षानुवर्षे येणारी माणसे त्या दिवशीही आली आणि आपला डोंगर आपल्याला बंद झालेला पाहून खवळली. शिव्या, धमक्या सर्व काही झाले. हातात शस्त्र नसलेले ते जोडपे वाटेतून हलले नाही. त्या संपूर्ण शरदात त्या माथ्यावर एकही ससाणा मारला गेला नाही. शेजारच्या डोंगरांवर मात्र गोळीबार पुढे कित्येक वर्षे चालूच होता.

आणि येथेच एक अशी गोष्ट सुरू झाली, की तिचे मोल त्या वेळी कोणालाच कळले नसावे. मॉरिस ब्राऊन माथ्यावर जाई आणि वरून जाणारे पक्षी मोजून वहीत लिहून ठेवी. त्या पहिल्या शरदात त्याने १० हजारांहून अधिक शिकारी पक्षी मोजले.

पक्षी मोजणे हे काम वरवर पोरखेळासारखे वाटते. करू गेल्यास घाम फुटतो. मोजणारा उत्तरेकडे तोंड करून बसतो. रांगेतील टेकड्यांचे उंचवटे त्याने पाठ केलेले असतात. अमक्या उंचवट्यावर एक ठिपका दिसला, की दुर्बीण तिकडे वळते. ठिपक्याची जात ओळखावयाची ती रंगावरून नव्हे, कारण आभाळाच्या उजेडात रंग काळाच दिसतो; ती पंखांची ठेवण, शेपटीची लांबी आणि उडण्याची लकब यांवरून ओळखावी लागते. आखूड पंखांचा लहान ससाणा चार-पाच वेळा पंख मारून थोडा तरंगतो, गरुड फळीसारखा सपाट दिसतो, मासे पकडणारी घार पंखांना बाक देऊन येते. ओळख पटली, पक्षी डोक्यावरून पार झाला, की मगच नोंद. ताशी किती गेले, वारा कोणत्या दिशेचा, थंडी किती, धुके किती, हेही लिहावयाचे.

सप्टेंबरच्या मध्यास रुंद पंखांचे ससाणे येतात, तेव्हा तर मोजणाऱ्याची खरी परीक्षा. दक्षिण अमेरिकेपर्यंत जाणारे हे पक्षी थव्यांनी प्रवास करतात. उन्हाने तापलेल्या हवेचा झोत जेथे वर चढत असेल, तेथे शेकडो पक्षी घिरट्या घालीत उंच चढतात. त्या गरगरणाऱ्या घोळक्यात कोणी कितीदा मोजला हे ब्रह्मदेवालाही सांगता यावयाचे नाही. म्हणून शहाणा मोजणारा तेथे मोजतच नाही. वर पोहोचलेले पक्षी एकामागून एक पंख स्थिर करून दक्षिणेकडे घसरू लागले, की त्या ओळीत तो त्यांना मोजतो. आणि काही दिवस असे येतात, की सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोचऱ्या वाऱ्यात बसावे आणि वहीत दोन-चारच पक्षी यावेत. ते रिकामे दिवसही तितक्याच काळजीने लिहावे लागतात. नाहीतर भरलेल्या दिवसांना अर्थ राहत नाही.

अशी ही नोंद वर्षामागून वर्ष होत राहिली. पूर्व अमेरिकेत दुर्मिळ समजला जाणारा सोनेरी गरुड या डोंगरावरून दर वर्षी नेमाने जातो, हे या मोजणीमुळेच विद्वानांच्या ध्यानात आले. दुसऱ्या महायुद्धात ब्राऊन नौदलात गेल्यामुळे १९४३ ते १९४५ ही तीन वर्षे मोजणी बंद पडली. युद्धानंतर ती पुन्हा सुरू झाली. इकडे रोझलीबाईंनी १९३८ साली हॉक माउंटन अभयारण्य संघ स्थापन करून जमीन त्याच्या स्वाधीन केली आणि मरेपर्यंत त्याचे अध्यक्षपद सांभाळले. डोंगरामुळे त्यांची इतर भांडणे मात्र थांबली नाहीत. १९३८ सालचे ऑलिंपिक राष्ट्रीय उद्यान आणि १९४० सालचे किंग्ज कॅनियन राष्ट्रीय उद्यान यांच्या स्थापनेसाठी त्यांच्या समितीने मोठी खटपट केली.

युद्धानंतर शेतांवर, जंगलांवर आणि दलदलींवर डीडीटी हे कीटकनाशक सढळ हाताने फवारले जाऊ लागले. डास मरत, कीड मरे. लोक समाधानी होते. परंतु ब्राऊनच्या वह्यांत एक चमत्कारिक गोष्ट दिसू लागली. पांढऱ्या डोक्याच्या गरुडाचे पिलू मोठे झाले तरी काही वर्षे त्याचे डोके काळपटच असते. त्यामुळे उडत्या गरुडांत तरुण किती आणि प्रौढ किती, हे सांगता येते आणि ब्राऊन ते लिहीत असे. १९३५ ते १९३९ या वर्षांत मोजलेल्या गरुडांपैकी शेकडा ४० तरुण होते. १९५५ ते १९५९ या वर्षांत ते प्रमाण शेकडा २० वर आले. आणि १९५७ या एका वर्षात तर ३२ प्रौढांमागे एकच तरुण दिसला. म्हातारे गरुड येत होते, पण त्यांच्या मागे पिले येत नव्हती.

राचेल कार्सन या शास्त्रज्ञ लेखिकेने १९४५ च्या शरदात या डोंगराला भेट दिली होती. पुढे कीटकनाशकांच्या दुष्परिणामांवर ‘सायलेंट स्प्रिंग’ हा ग्रंथ लिहिताना त्यांनी ब्राऊनचे हेच आकडे पुराव्यादाखल मांडले. ग्रंथ १९६२ च्या सप्टेंबरात प्रसिद्ध झाला आणि देशभर खळबळ उडाली. डीडीटीचे अंश माशांतून गरुडाच्या शरीरात साठतात आणि त्यामुळे त्याच्या अंड्यांचे कवच इतके पातळ होते, की ती उबवितानाच फुटतात, हे पुढील संशोधनाने सिद्ध झाले. १९३४ पासूनची ती वही नसती, तर पूर्वी किती तरुण गरुड जात असत, हे सांगावयास कोण होते?

ग्रंथ निघाला तेव्हा रोझलीबाई जवळजवळ ८५ वर्षांच्या होत्या. त्या नोव्हेंबरात टेक्सासमधील कॉर्पस ख्रिस्ती या गावी ऑड्युबन संघाची वार्षिक सभा भरली. संघाचा कारभार आता पुष्कळ बदलला होता. त्या सभेला त्या एवढ्या लांबचा प्रवास करून गेल्या. ३३ वर्षांपूर्वी ज्यांच्या एका प्रश्नाने सभेची पंचाईत झाली होती, त्यांचे नाव पुकारले जाताच सारे सभागृह उभे राहिले आणि टाळ्यांचा गजर झाला. त्यानंतर तीन आठवड्यांनी, ३० नोव्हेंबर १९६२ रोजी, न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.

१९७२ साली अमेरिकेत डीडीटीच्या वापरावर बंदी आली आणि त्याच वर्षी शिकारी पक्ष्यांना देशभर कायद्याचे संरक्षण मिळाले. पांढऱ्या डोक्याच्या गरुडाची संख्या हळूहळू इतकी वाढली, की २००७ साली त्याचे नाव संकटग्रस्त जातींच्या यादीतून काढण्यात आले. मॉरिस ब्राऊन १९६६ पर्यंत डोंगरावर काम करीत होते. मोजणी आजही चालू आहे. दर वर्षी १५ ऑगस्टला ती सुरू होते आणि १५ डिसेंबरला संपते. ज्या शिळांवर एके काळी रिकाम्या काडतुसांचा खच पडत असे, तेथपर्यंत एक मैलाची पायवाट आहे. शाळेची मुले, म्हातारीकोतारी माणसे, दूरदेशीचे अभ्यासक ती चढून वर येतात, दगडांवर बसतात आणि उत्तरेकडे पाहत राहतात.